भाड्याच्या घरातील नळदुरुस्ती: पाण्याची पाळी येण्याआधी भाडेकरूने काय करावे

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. शहराच्या बहुतेक भागांत पाण्याची पाळी काही दिवसांआड येते आणि त्या थोड्या तासांत हौद, टाकी, पिंप, घागरी जे काही भरून होईल त्यावर पुढच्या पाळीपर्यंत घर चालवावे लागते. त्यामुळे भाड्याच्या घरातील फुटलेला पाइप, न थांबणारा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगत्या चेंडूचा नळ) किंवा तुंबलेला संडास यांची निकड इथे वेगळ्या मापाने मोजावी लागते. गळक्या नळाखाली एक लिटरचे माप ठेवून पाहावे. ते दहा मिनिटांत भरत असेल तर तासाला सहा लिटर, दिवसाला १४४ लिटर आणि चार दिवसांत ५७६ लिटर पाणी वाया जाते, म्हणजे हजार लिटरची टाकी निम्म्याहून अधिक रिकामी होते. एवढे पाणी मधल्या दिवसांत पुन्हा मिळवायचे तर टँकर मागवावा लागतो आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा भाडेकरूच भरतो.

अशा वेळी दुरुस्ती कोणी करायची, किती दिवसांत करायची आणि खर्च कोणाच्या खिशातून जायचा, याची उत्तरे कायद्यात आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाड्याने दिलेली जागा राहण्यायोग्य आणि सुस्थितीत ठेवण्याचे बंधन त्याच्या कलम १४ ने घरमालकावर टाकले आहे. मालक ही दुरुस्ती टाळत असेल, तर भाडेकरूने त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस टपालाने किंवा अन्य रीतीने द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीतही काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊन तो खर्च भाड्यातून वजा करू शकतो किंवा मालकाकडून वसूल करू शकतो. त्याला मर्यादा मात्र आहे. एका वर्षात वजा होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असता कामा नये. महिना ६,००० रुपये भाडे असेल तर वर्षाचे ७२,००० होतात आणि वजावटीची कमाल रक्कम १८,००० रुपये होते. नळाचे साधे काम इतक्यात सहसा बसते.

या कलमाच्या सुरुवातीलाच एक अट आहे, तिच्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. भाडेकरूने करारात याच्या उलट काही मान्य केलेले नसेल, तरच मालकावर हे बंधन येते. ‘घरातील सर्व प्रकारची दुरुस्ती भाडेकरू स्वखर्चाने करील’ अशा ओळीखाली सही केलेली असेल, तर कलम १४ चा आधार बराच कमकुवत होतो. म्हणून नळ गळू लागला की प्लंबरला फोन करण्याबरोबरच कपाटातून भाडेकरार काढावा आणि दुरुस्तीचे कलम शब्दशः वाचावे. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे’ एवढेच लिहिले असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारण वॉशर बदलणे किरकोळ म्हणता येईल, पण भिंतीतील पाइप फुटणे किंवा टाकीला तडा जाणे किरकोळ ठरत नाही.

किरकोळ कशाला म्हणावे यावर वाद होऊ लागला, तर २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याची मदत घेता येते. हा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. तरी त्याच्या अनुसूचीत केलेली वाटणी दोन्ही बाजूंना पटण्यासारखी आहे. गरज पडेल तेव्हा नळाचे पाइप बदलणे आणि त्यांची दुरुस्ती मालकाकडे आहे, तर नळ व त्यांचे वॉशर बदलणे, मोरीची नाली साफ करणे, वॉश बेसिन आणि संडासाच्या भांड्याची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे. मालकाशी बोलताना हाच धागा पकडावा: वापराने झिजणारे ते आमचे, भिंतीत, फरशीखाली आणि गच्चीवर असलेले ते तुमचे.

आपला कागद नेमका कोणता आहे, हेही याच वेळी पाहावे. आजकाल बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठराविक काळ राहण्याची नुसती परवानगी देणाऱ्या करारावर, दिली जातात आणि कायद्याच्या भाषेत लायसन्सधारक हा भाडेकरू नसतो. त्यामुळे कलम १४ आपल्याला जसेच्या तसे लागू पडेल असे लायसन्सधारकाने गृहीत धरू नये. त्याचा खरा आधार म्हणजे करारात लिहिलेली अट. दुसऱ्या बाजूला, कलम ५५ प्रमाणे भाड्याचा असो वा लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करारच नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नुसत्या नोटरीच्या कागदावर किंवा तोंडी बोलीवर राहणाऱ्या माणसाला वाटते की आपली बाजू लंगडी आहे. या एका मुद्द्यावर तरी तसे नाही.

हे सारे मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी मी भवानी पेठेत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मोरीच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, तळहाताएवढी ओल आली होती. चुना फुगला होता आणि बोट लावले की पापुद्रा सुटून यायचा. मालक भाडे घ्यायला आले तेव्हा मी त्यांना ती ओल दाखवली. ‘बघू, पुढच्या पाण्याला माणूस पाठवतो,’ असे ते म्हणाले. पंधरा दिवसांनी जिन्यात भेटले तेव्हा पुन्हा सांगितले, तेव्हाही तेच उत्तर मिळाले. त्यानंतर एका पाळीला टाकी काठोकाठ भरली आणि रात्री भिंतीतल्या जुन्या लोखंडी (जीआय) पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गंजलेल्या आट्यांवर तुटला. मला जाग आली ती खालून आलेल्या हाकेने. खाली राहणाऱ्या मावशी विड्या वळत असत. त्या जिन्यात उभ्या राहून ओरडत होत्या, ‘अण्णा, वर नळ चालू राहिलाय का? खाली सगळं भिजाय लागलंय!’ दुसऱ्या दिवशी कारखान्यात द्यायचे विड्यांचे कट्टे त्यांनी फळीवर रचून ठेवले होते, आणि पाण्याची धार नेमकी त्या फळीवर पडत होती. मावशींची दोन दिवसांची मजुरी गेली. मालकांनी मला विचारले, ‘तुम्ही मला कधी सांगितलं होतं?’ माझ्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती. भिंत फोडून केलेल्या कामाचे आणि मावशींच्या नुकसानीचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून गेले.

त्या रात्रीपासून मी प्रत्येकाला एकच सांगत आलो आहे. दुरुस्तीचा हक्क सांगितल्याच्या दिवसापासून सुरू होत नाही, लिहिल्याच्या दिवसापासून सुरू होतो. ओल तळहाताएवढी असतानाच लिहावे.

आता प्रत्यक्ष कृती. पाइप फुटल्यावर पहिले काम म्हणजे पाणी बंद करणे, आणि त्यासाठी कॉक कुठे आहेत हे आधीच ठाऊक असले पाहिजे. घरात राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात गच्चीवर जाऊन टाकीच्या तोंडाशी असलेला मुख्य कॉक, मोरी-संडासाकडे जाणाऱ्या पाइपावरचा कॉक आणि हौदाच्या मोटरचा स्विच शोधून ठेवावा. कॉक एकदा बंद करून उघडून पाहावा, कारण इथल्या बोअरच्या जड पाण्याने क्षार साचून न फिरवलेला कॉक अडकून बसतो आणि ऐन वेळी जोर लावला की दांडा हातात येतो. गच्चीला कुलूप असेल तर त्याची एक किल्ली भाडेकरूकडे असावी, अशी मागणी पहिल्याच दिवशी करावी. पाणी विजेच्या बोर्डाजवळून गळत असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, मग नळाकडे वळावे. कॉक बंद करताना टाकीतले उरलेले पाणी वाया जाऊ देऊ नये, ते पिंपात आणि बादल्यांत काढून घ्यावे.

त्यानंतर पुसण्याआधी फोटो काढावेत. गळतीची जागा जवळून, मग संपूर्ण खोली दिसेल असा लांबून, आणि वाहते पाणी दिसेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, एवढे पुरेसे आहे. तेच फोटो लगेच मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत आणि सोबत पूर्ण वाक्यांत काय झाले, कधी झाले, पाणी कुठवर गेले आणि पुढची पाळी कधी आहे हे लिहावे. फोनवर बोलणे झाले असेल तरी त्याचा गोषवारा संदेशात टाकावा: ‘काका, आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे आपण उद्या सकाळी प्लंबर पाठवणार आहात.’ हे चॅट पुसून टाकू नये आणि फोन बदलला तरी जपून ठेवावे. उद्या प्रकरण न्यायालयात गेलेच, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून असे इलेक्ट्रॉनिक पुरावे सादर करता येतात.

कायद्यातील पंधरा दिवस आणि सोलापुरातील पाण्याची पाळी यांचा मेळ बसत नाही, ही यातली खरी अडचण आहे. फुटलेल्या पाइपासोबत कोणी पंधरा दिवस बसून राहू शकत नाही. पण नोटीस न देता, स्वतःच्या मनाने मोठे काम करून घेतले आणि भाड्यातून पैसे कापले, तर मालक त्यावर बोट ठेवू शकतो. यातून दोन वाटा निघतात. पहिली आणि सर्वांत चांगली वाट म्हणजे मालकाची लेखी संमती. ‘प्लंबरने २,२०० रुपये सांगितले आहेत. आपली हरकत नसेल तर आजच काम करून घेतो आणि ही रक्कम पुढील भाड्यातून वळती करतो,’ असा संदेश पाठवावा. त्यावर ‘ठीक आहे, करून घ्या’ एवढे उत्तर आले की ती दोघांमधली संमती झाली आणि पंधरा दिवस थांबण्याची गरज उरली नाही. बहुतेक मालक पुण्यात किंवा हैदराबादेत असले तरी एवढे उत्तर देतात, निदान रक्कम आधी सांगितली तर देतात. उत्तरच आले नाही, तर दुसरी वाट धरावी. पाइपाच्या फुटलेल्या फाट्याला टोपण लावून तेवढा भाग बंद करणे, तात्पुरता जोड देणे, बॉल कॉक बदलणे अशी पाणी वाचवण्यापुरती कामे आपल्या खर्चाने त्याच दिवशी करावीत, आणि कायमच्या दुरुस्तीसाठी त्याच दिवशी पंधरा दिवसांची नोटीस पाठवावी. नुकसान वाढू दिले नाही, हे पुढे दाखवता येणे भाडेकरूच्या फायद्याचे असते.

नोटिशीला वकील लागतोच असे नाही. साध्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलेले पत्र चालते. करारात मालकाचा जो पत्ता आहे त्यावर ते स्पीड पोस्टाने पाठवावे, पोस्टाची पावती आणि पत्र पोचल्याची नोंद जपावी, आणि पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावा. मजकूर साधारण असा असावा:

‘आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. मी आपल्या वरील पत्त्यावरील घरात भाड्याने राहतो व भाडे नियमित देत आलो आहे. दिनांक … रोजी रात्री मोरीच्या भिंतीतील पाण्याचा पाइप फुटला असून त्यामुळे मोरी व संडासाचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला आहे. याची कल्पना आपणास त्याच दिवशी फोनवरून व संदेशाने दिली होती. फोटो सोबत जोडले आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये ही दुरुस्ती आपण हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत करून द्यावी, ही विनंती. पाण्याविना घर चालवणे कठीण असल्याने शक्य तितक्या लवकर, पुढील पाण्याच्या पाळीआधी काम झाल्यास उपकार होतील. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास मला ती करून घ्यावी लागेल व झालेला खर्च कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत भाड्यातून वजा करावा लागेल. कळावे, आपला विश्वासू.’

भाषा नरम ठेवावी, मागणी मात्र स्पष्ट असावी. शिव्या, आरोप, जुनी भांडणे या पत्रात आणू नयेत. हेच पत्र एखाद्या दिवशी न्यायाधीशांच्या टेबलावर जाऊ शकते, या जाणिवेने लिहावे. एकाच वाड्यात चार बिऱ्हाडे असून सर्वांची टाकी किंवा ड्रेनेजची लाइन एक असेल, तर चौघांनी मिळून एकच नोटीस द्यावी. कायद्यात एकत्रित नोटिशीची तरतूद आहे, आणि तशा वेळी खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात होते.

मुदत संपली आणि काम स्वतः करून घ्यायची वेळ आली, तर दोन प्लंबरकडून कामाचा अंदाज लेखी घ्यावा. बिलावर तारीख, घराचा पत्ता, कोणते काम केले आणि कोणते सामान लागले हे वेगवेगळे लिहून घ्यावे. ‘प्लंबिंग काम, ३,५०० रुपये’ असे एका ओळीचे बिल उपयोगाचे नाही. सामान दुकानातून आणले तर त्याची पक्की पावती घ्यावी आणि मजुरी शक्यतो यूपीआयने द्यावी. ही शिस्त सांगण्याला कारण आहे. कलम १४ प्रमाणे भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो. इतके वजन कायद्याने भाडेकरूच्या कागदाला क्वचितच दिले आहे. तुटलेला एल्बो किंवा फाटलेला पाइप फेकू नये, पिशवीत बांधून ठेवावा. जसे होते तसेच दुरुस्त करावे. या निमित्ताने मोरी मोठी करणे किंवा नवी टाकी बांधणे असले बदल लेखी संमतीशिवाय करू नयेत, कारण परवानगीविना कायमचे बांधकाम करणे हे कलम १६ प्रमाणे घर खाली करून मागण्याचे कारण ठरू शकते.

भाडे देणे बंद करू नये. रागाच्या भरात अनेक जण ‘आधी नळ, मग भाडे’ अशी भूमिका घेतात आणि भक्कम बाजू आपल्या हाताने घालवतात. वजावट करायची ती खर्चाएवढीच करावी, उरलेले भाडे ठरलेल्या तारखेला बँकेतून पाठवावे आणि सोबत हिशेबाची एक ओळ लिहावी.

दुरुस्ती टाळणे वेगळे आणि पाणी मुद्दाम तोडणे वेगळे. भाडे वाढवून देत नाही किंवा घर सोडत नाही म्हणून मालकाने टाकीचा कॉक बंद करून कुलूप लावले, मोटर चालू करू दिली नाही, किंवा पाणीपट्टी मुद्दाम थकवून महापालिकेकडून जोडणी तोडवून घेतली, तर ते कलम २९ चे उल्लंघन होते. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, स्वच्छतेच्या सोयी या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. भाडेकरूला त्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, अंतिम निकालाआधीच अंतरिम आदेश मागता येतो, आणि सेवा पूर्ववत करण्याचा आदेश मोडणाऱ्या मालकाला दररोज १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कलमात आणखी एक सोय आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. मालकाने पाणी रोखले असेल, किंवा भाडेकरूला स्वखर्चाने नवी जोडणी हवी असेल, तर तो थेट महापालिकेकडे अर्ज करू शकतो, आणि मालकाच्या ना हरकत प्रमाणपत्राचा आग्रह न धरता जोडणी देण्याची मुभा महापालिकेला आहे. अर्ज करताना या कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

गळती घराबाहेर, रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीवर असेल तर ती महापालिकेची जबाबदारी आहे आणि तक्रार आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात करून तिचा क्रमांक घ्यावा. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची जोडणी मात्र घराची, म्हणजे मालकाची. ही जोडणी गटाराच्या किंवा ड्रेनेज चेंबरच्या शेजारून गेली असेल आणि पाण्याला वास किंवा गढूळपणा येत असेल, तर तो दिवस वाट पाहण्याचा नव्हे. पाणी काही दिवसांआड सुटते तेव्हा मधल्या काळात पाइप रिकामे असतात, आतला दाब नाहीसा होतो, आणि तडा गेलेल्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढच्या पाळीला तीच घाण आपल्या हौदात येते. असे पाणी पिऊ नये, हौद भरू नये, बाटलीत नमुना घेऊन पाणीपुरवठा विभागाकडे त्याच दिवशी तक्रार करावी आणि मालकालाही लेखी कळवावे. फ्लॅटच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी आणि बाहेरच्या भिंतीवरचे पाइप सोसायटीकडे असतात, पण सोसायटीचा सभासद मालक असल्याने पत्र त्यालाच द्यावे आणि त्याची प्रत सचिवांना द्यावी.

प्रकरण न्यायालयापर्यंत गेले तर या कायद्याखालचे दावे लघुवाद न्यायालयात, आणि ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात चालतात. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यक्ती यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो.

नवे घर घेणाऱ्यांनी मात्र यातले बरेच काम आधीच करून ठेवावे. घर पाहायला शक्यतो पाण्याच्या पाळीच्या दिवशी जावे, कारण रिकाम्या पाइपात गळती दिसत नाही. सगळे नळ एकदम सोडून मोरीचे पाणी तुंबते का पाहावे, फ्लश ओढून टाकी भरल्यावर पाणी थांबते का ऐकावे, भिंतीवर नव्या रंगाचा एकच चौकोन दिसला तर तिथे हात लावून गारवा येतो का पाहावे. आणि सही करण्याआधी करारात एवढी ओळ घालून घ्यावी: ‘भिंतीतील, फरशीखालील व गच्चीवरील पाण्याच्या व सांडपाण्याच्या पाइपांची, टाकीची व मोटरची दुरुस्ती मालक करील. पाणीपुरवठा बंद पडल्यास कळवल्यापासून ४८ तासांत मालकाने व्यवस्था न केल्यास राहणाऱ्याने ती करून घ्यावी व पावत्यांप्रमाणे झालेला खर्च पुढील भाड्यातून वळता करावा.’ करार लायसन्सचा असेल तर ही ओळ सोडून सही करू नये.